पेटीतल्या सापाखाली काय अंथरावं?

खोलीत फिनाईलचा वास कोंडला की घरातलं कुत्रं उठून गॅलरीत जाऊन बसतं. पेटीतल्या सापाला ती सोय नसते. त्याचं पोट दिवसरात्र ज्या थराला टेकलेलं असतं, तिथलाच ओलावा, तिथलीच धूळ आणि तिथलाच वास त्याला घ्यावा लागतो. म्हणून पेटीच्या तळाशी काय घालायचं, हा प्रश्न सजावटीत मोडत नाही. दिवा कोणता, हीट मॅट केवढी, यावर माणसं आठवडाभर वाचन करतात आणि अंथरूण मात्र दुकानदार पुढे करील ते पोतं उचलून आणतात. पोटाच्या खवल्यांपासून फुप्फुसांपर्यंतच्या कितीतरी दुखण्यांचा माग काढत गेलं, की तो त्या पोत्यापाशी येऊन थांबतो.

आधी कायद्याचं बोलू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत, हौसेने नाही आणि दयेपोटीही नाही. परदेशी सापांपैकी जे साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली असून २०२४ च्या नियमांप्रमाणे ती ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन या यादीत येतो. अमेरिकेत दर राज्याचा नियम वेगळा. हवाईत साप पाळायला बंदीच आहे. न्यू जर्सीत आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, पण तिथल्या जंगलातला कॉर्न स्नेक राज्याच्या संकटग्रस्त यादीत असल्याने तो आणण्याआधी परवान्याची चौकशी करायलाच हवी. ऑस्ट्रेलियात परदेशी साप पाळता येत नाहीत, न्यूझीलंडमध्ये कोणताच साप पाळता येत नाही. कागदपत्रं चोख असतील, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

घरात पाळले जाणारे साप पुष्कळ प्रकारचे असले, तरी इथे मी मुख्यतः दोघांचाच विचार करणार आहे, कारण नवशिक्यांच्या घरी बहुधा हेच दोघे येतात. पहिला कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, पाइनची विरळ राने, पडीक शेतं, जुनी गोदामं अशा ठिकाणी राहणारा. पालापाचोळा, मोकळी माती, पडलेल्या झाडाची साल यांखाली शिरून बसणं हा त्याचा स्वभाव. दुसरा बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ माळरानांवरचा. माळरान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोरडी जमीन येते आणि इथेच गल्लत होते. हा साप दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत काढतो आणि बिळातली हवा वरच्या माळापेक्षा खूपच दमट असते. म्हणजे एकाला जरा कोरडं, भुसभुशीत, पोखरता येईल असं अंथरूण हवं आणि दुसऱ्याला ओल धरून ठेवणारं. एकाच्या पेटीत उत्तम ठरलेली गोष्ट दुसऱ्याच्या पेटीत दुखणं आणू शकते. ‘सापासाठी सगळ्यात चांगलं बेडिंग कोणतं’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही ते यामुळे.

सापाच्या शरीराबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे बरेच निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. साप जीभ बाहेर काढतो ती हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपण्यासाठी. ते कण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत जातात. ज्या प्राण्याचं जग निम्म्याहून अधिक वासाने बनलेलं आहे, त्याला उग्र वासाच्या भुशात ठेवणं म्हणजे त्याची ती जाणीवच बोथट करून टाकणं. दुसरी गोष्ट त्याच्या श्वासाची. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नाही, त्यामुळे जोरात खोकून छाती मोकळी करणं त्याला जमत नाही. कॉर्न स्नेकच्या कुळात तर काम करणारं फुप्फुस उजवीकडचं एकच असतं, डावं जवळपास नाहीसं झालेलं. आत गेलेली बारीक धूळ आणि साचलेला चिकट स्राव बाहेर टाकायला त्याच्यापाशी फारसे उपाय नसतात. उग्र वास आणि बारीक धूळ या दोन गोष्टी वर्ज्य, हा पहिला नियम त्यातूनच येतो.

त्या नियमाने सर्वांत आधी सीडर बाद होतं. सीडरच्या लाकडाला येणारा सुगंध त्यातल्या उडनशील तेलांचा असतो. कपाटात कसर लागू नये म्हणून हे लाकूड वापरतात, ते याच तेलांच्या जोरावर. बंद, उबदार पेटीत ही तेलं सतत उडत राहतात आणि श्वासमार्ग, कातडी, यकृत यांना त्रास देतात. पाकिटावर ससा, हॅम्स्टर किंवा चक्क साप छापलेला असला, तरी सीडर घेऊ नका. आपल्याकडचा देवदार त्याच पंगतीत बसवा. पाइनबद्दल जाणत्या लोकांतही दोन मतं आहेत. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली बरीचशी तेलं उडून जातात आणि असं पाइन वापरून वर्षानुवर्षं निरोगी साप सांभाळणारे लोक आहेत. माझं मत विचाराल, तर पाकिटावर ‘भट्टीत वाळवलेलं’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर पाइन नको. आणि दुसरं काही मिळत असेल, तर लिहिलेलं असूनही नको.

मुंबई-पुण्याच्या पेट शॉपमध्ये ‘वुड शेव्हिंग’ म्हणून जे सुटं विकलं जातं, ते कोणत्या झाडाचं आहे हे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यासाठी घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. झाकणाच्या काचेच्या बरणीत तो भुसा अर्ध्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि बरणी तासभर उन्हात किंवा गरम जागी ठेवा. मग झाकण उघडून लगेच नाक जवळ न्या. राळेचा, टर्पेंटाइनचा, पॉलिशचा किंवा अत्तरासारखा वास भपकन आला, तर तो भुसा पेटीत जाता कामा नये. तुमची बरणी तासभरच तापली, सापाची पेटी चोवीस तास तापलेली असते. वास आला नाही म्हणून भुसा शंभर टक्के निर्धोक ठरत नाही, पण वास आला तर निकाल लागलाच. आणि सुतारकामाच्या दुकानातला फुकटचा भुसा या परीक्षेलाही बसवू नका. त्यात सागवान असतं, प्लायवूड आणि एमडीएफची डिंकासकट उडालेली पूड असते, वाळवीचं औषध मारलेलं जुनं लाकूड असतं. सागाच्या भुशाने सुतारांच्या हातांना पुरळ येते, तो सापाच्या पोटाखाली दिवसरात्र ठेवायचा नाही. भाताचा तूसही अनेक जण सुचवतात, कारण कोंबड्यांखाली तो घालतात. पण त्याची टोकं कडक, टोचरी असतात आणि धूळही फार. सापाला तो उपयोगाचा नाही.

कॉर्न स्नेकसाठी माझी पहिली पसंती ॲस्पनला. या झाडाच्या लाकडात सीडरसारखी सुगंधी तेलं नसतात. चांगलं ॲस्पन पोत्यातून काढलं की फिकट, पांढुरकं दिसतं, पातळ साली स्वतःभोवती वळलेल्या असतात आणि मूठभर उचलून सोडलं तर हाताला पूड लागत नाही. पूड लागत असेल तर मोकळ्या हवेत चाळून घ्या. पेटीत ८ ते १० सेंटिमीटरचा थर घाला आणि तळव्याने दाबून बसवा. हे दाबणं बहुतेक लोक विसरतात. मग पाहा. साप आधी कडेकडेने फिरतो, एका कोपऱ्यात नाक खुपसतो, डोकं डावी-उजवीकडे ढकलत आत शिरतो आणि त्याच्या मागे बोगदा तसाच उभा राहतो. दोन-चार दिवसांत थराखाली त्याचे स्वतःचे रस्ते तयार होतात. गरम टोकाकडून गार टोकाकडे तो उघड्यावर न येता जाऊ लागतो. दिवेलागणीला एखाद्या भोकातून फक्त डोकं बाहेर आलेलं दिसतं, जीभ लपलपत असते. नवा साप दिसतच नाही म्हणून लोक हिरमुसतात आणि थर कमी करतात. तसं करू नका. लपायला मिळतंय याची खात्री पटलेला साप पुढे जास्त निर्धास्तपणे बाहेर येतो आणि खाण्याच्या तक्रारीही कमी करतो.

ॲस्पनचा शत्रू पाणी. ओलं झालं की दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी धरते, आधी पाण्याच्या भांड्याखाली आणि मग भोवताली. भांडं जड घ्या, फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि दोन-तृतीयांशच भरा, म्हणजे साप आत बसला तरी पाणी उतू जाणार नाही. याच कारणाने बॉल पायथनला ॲस्पन मानवत नाही. त्याच्यासाठी हवा दमट ठेवायला जावं तर अंथरूण कुजतं, आणि अंथरूण कोरडं ठेवावं तर सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कॉर्न स्नेकखालीही ॲस्पन जपून वापरावं लागतं. बाहेरची हवाच ८०-९० टक्के दमट असते, तिथे पोत्यातलं न वापरलेलं ॲस्पनसुद्धा ओल धरतं. पोतं हवाबंद डब्यात ठेवा.

बॉल पायथनसाठी मला नारळ सर्वांत भरवशाचा वाटतो. सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट, दोन्ही. नुसतं कोकोपीट वाळलं की त्याची तपकिरी पूड होते, ती सापाच्या नाकपुड्यांत आणि ओठांच्या कडेला बसते. नुसते तुकडे घातले तर ओल तळाशी निघून जाते. म्हणून खाली कोकोपीट आणि वर सोडणाचे तुकडे, किंवा दोन्ही मिसळून. भारतात हा माल आपल्या दारात पिकतो, तरी नर्सरीतून विटा घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, त्यात खत, निंबोळी पेंड किंवा बुरशीनाशक मिसळलं आहे का? ‘रेडी मिक्स’ म्हणून विकतात त्यात हे सगळं असतं आणि त्यातलं काहीच सापाला चालत नाही. दुसरी गोष्ट मिठाची. काथ्यासाठी सोडणं बऱ्याच ठिकाणी खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवतात, त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार राहतात. ‘धुतलेलं’ किंवा ‘लो ईसी’ (म्हणजे क्षार कमी) असं लिहिलेली वीट घ्या आणि तरीही घरी एकदा धुवा.

ते असं. ६५० ग्रॅमची वीट मोठ्या बादलीत ठेवून वर साधारण ४ लिटर कोमट पाणी ओता. अर्ध्या तासात ती फुगून ८-९ लिटरचा ढीग होतो. तो जुन्या सुती कापडात किंवा पिठाच्या चाळणीत घेऊन वरून आणखी पाणी सोडा, निथळू द्या, पुन्हा एकदा तेच करा. मग मुठीत घेऊन जोरात पिळा. पाण्याची धार लागली तर अजून ओलं आहे; वर्तमानपत्रावर पसरून वारा लागू द्या. मुठीत गोळा होतो पण थेंब पडत नाही आणि बोटाने टोचलं की गोळा फुटतो, एवढी ओल पेटीसाठी नेमकी. ओलं गच्च कोकोपीट घाईने पेटीत घातलं, तर सापाचं पोट आठवडाभर चिखलात राहतं.

अमेरिकेत सायप्रस मल्च आणि फरच्या सालीचे तुकडेही मिळतात आणि दमट पेटीसाठी दोन्ही चांगले आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून विकलेलंच घ्या. बागेच्या दुकानातल्या स्वस्त मल्चमध्ये रंग, इतर झाडांची भेसळ किंवा औषध मारलेल्या जुन्या फळ्यांचा चुरा असू शकतो. शिवाय लुइझियाना-फ्लोरिडाच्या पाणथळ रानांतली सायप्रसची झाडं केवळ मल्चसाठी कापण्यावर तिथल्या पर्यावरणवाद्यांचा जुना आक्षेप आहे. नारळाच्या सोडणाला असा कोणताच डाग नाही, हेही माझ्या पसंतीचं एक कारण.

आता कागद. दिसायला तो सर्वांत गरीब पर्याय, म्हणून नवे लोक त्याला नाक मुरडतात. तरीही नवा साप घरी आला की पहिले दोन-तीन महिने मी कागदाचाच आग्रह धरीन, साप कोणत्याही जातीचा असो. किचन टॉवेल, कोरा न्यूजप्रिंट, तोही नसेल तर जुनं वर्तमानपत्र. कारण सरळ आहे: पांढऱ्या कागदावर काही लपत नाही. विष्ठा कशी आहे, तिच्यासोबतचं युरिक आम्ल नेहमीसारखं खडूच्या रंगाचं आहे का, कुठे रक्ताचा ठिपका आहे का, साप नाकातून फेस सोडतोय का, हे रोज दिसतं. आणि सापाच्या अंगावरचे काळे, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक माइट्स भुशात महिनाभर लपू शकतात, पण कागदावर लगेच उठून दिसतात. आजारी साप, शस्त्रक्रिया झालेला साप, नुकतं अंड्यातून बाहेर आलेलं पिलू, या सगळ्यांना कागदच. मात्र कागदात पोखरता येत नाही, तेव्हा गरम आणि गार अशा दोन्ही टोकांना अंग सगळीकडून टेकेल अशा घट्ट लपायच्या जागा ठेवा आणि कागदाचे बोळे करून मधली मोकळी जागा भरा.

काही पदार्थ दुकानांत भरपूर दिसतात आणि ते झटपट नाकारता येतात. अक्रोडाच्या कवचाचा चुरा धारदार असतो. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांचे दाणे पाणी शोषून फुगतात, आतडं अडवू शकतात आणि ओले झाले की बुरशी धरतात. मांजराच्या लिटरमधली माती ओल लागताच गोळा बनते, पोटातही. ‘कॅल्शियम सँड’ पचते असं पाकिटावर लिहिलेलं असतं; त्यावर विसंबू नका. साधी वाळू कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन दोघांनाही परकी आहे, खवल्यांखाली आणि तोंडात जाते. केनियन सँड बोआसारख्या वाळूत राहणाऱ्या सापाची गोष्ट वेगळी. हिरवं गालिच्यासारखं ‘रेप्टाइल कार्पेट’ नीटनेटकं दिसतं, पण त्याच्या धाग्यांत विष्ठा झिरपते आणि नुसत्या धुण्याने निघत नाही.

दमटपणा आणि ओल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सर्वांत जास्त इजा त्या एकच मानल्याने होते. सापाला दमट हवा चालते, बॉल पायथनला तर लागतेच. ६० टक्क्यांच्या आसपास, कात टाकायच्या दिवसांत त्याहून थोडी जास्त. कॉर्न स्नेकला ४० ते ६० पुरते. पण पोटाखालचा पृष्ठभाग दोघांचाही कोरडा हवा. सतत ओल्यात राहिलेल्या सापाच्या पोटाचे खवले आधी तपकिरी-लालसर होतात, मग त्यांच्याखाली पाण्याचे फोड येतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर जंतुसंसर्ग रक्तात उतरतो. म्हणून वरून रोज स्प्रे मारण्याऐवजी पेटीच्या दोन कोपऱ्यांत थोडं पाणी हळूच ओता. ते तळाशी पसरतं, खालचा थर ओलसर राहतो, वरचा कोरडा. बोट खुपसून पाहिलं तर दुसऱ्या पेरापाशी गारवा लागला पाहिजे, वर नाही.

हवा किती दमट आहे याचा अंदाज बांधू नका, डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि तो सापाच्या उंचीवर ठेवा, झाकणाला चिकटवून नको. न्यू जर्सीच्या जानेवारीत घरातलं हीटिंग हवा इतकी सुकवतं की आपलेच ओठ फुटतात. तिथे पेटीच्या जाळीच्या झाकणाचा बराच भाग झाकावा लागतो आणि थर जाड करावा लागतो. मुंबईच्या जुलैत नेमकं उलट: थर पातळ, हवा खेळती आणि कोपऱ्यात पाणी ओतणं बंद. एकच साप, एकच पेटी, तरी गाव बदललं की हिशेब बदलतो. कॉर्न स्नेकच्या कोरड्या पेटीत एक छोटा डबा ठेवावा, बाजूला भोक पाडलेला, आत ओलसर स्फॅग्नम मॉस. कात टाकायची वेळ आली की तो आपणहून त्यात जाऊन बसतो. मॉस हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या एका बुरशीमुळे माणसाच्या जखमेतून कातडीचा संसर्ग होऊ शकतो.

थराच्या जाडीचा उष्णतेशी थेट संबंध आहे आणि इथली चूक जीवावर बेतते. काचेखाली हीट मॅट असेल आणि वर १० सेंटिमीटर भुसा असेल, तर ऊब वर पोचत नाही, ती काचेतच कोंडते. वर थर्मामीटर २५ अंश दाखवतो, म्हणून मालक मॅट वाढवतो. साप ऊब शोधत खाली पोखरत जातो आणि उघड्या तापलेल्या काचेवर पोट टेकतो. खालून भाजत असूनही साप अशा जागेवरून हलत नाहीत, हे पशुवैद्यांनी वारंवार पाहिलं आहे. मॅट वापरायची तर गरम टोकाचा थर दोन-तीन सेंटिमीटर ठेवा, थर्मोस्टॅट लावल्याशिवाय मॅट चालूच करू नका आणि त्याचा प्रोब काचेलाच चिकटवा, भुशावर नको. जाड थर हवाच असेल तर उष्णता वरून द्या, जाळीच्या आड बसवलेल्या दिव्याने किंवा हीट प्रोजेक्टरने. कॉर्न स्नेकला गरम टोकाला ३० अंशांच्या आसपास, बॉल पायथनला ३१ ते ३३ आणि दोघांनाही पळून जायला गार टोक असायला हवं.

खाऊ घालताना भुसा पोटात जाण्याची भीती सगळ्यांना असते. एखादी साल गिळली गेली तर ती बहुधा विष्ठेतून निघून जाते, एवढ्यावरून घाबरू नका. फ्रीझरमधला उंदीर पाण्यात वितळवला असेल, तर ओल्या केसांना मूठभर भुसा चिकटतो, खरा त्रास तिथे आहे. तो किचन टॉवेलने कोरडा करा आणि चिमट्याने देताना खाली फरशीचा तुकडा किंवा पसरट बशी ठेवा. खाण्यासाठी सापाला दरवेळी दुसऱ्या डब्यात हलवायची गरज नाही. भरल्या पोटी उचललं तर तो खाल्लेलं ओकून टाकू शकतो.

साफसफाईचा क्रम सोपा आहे. विष्ठा दिसली की तिच्या भोवतालच्या मूठभर अंथरुणासकट त्याच दिवशी काढा. ॲस्पन साधारण महिन्या-दीड महिन्याने पूर्ण बदला, नारळाचं अंथरूण नीट निगराणी असेल तर त्याहून जास्त टिकतं. नवं अंथरूण घालण्यापूर्वी पोतं दोन-तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवता आलं, तर त्यातले किडे मरतात. ओव्हनमध्ये लाकूड भाजायचा उपाय करू नका, आग लागते.

आपल्या घरांतल्या एका सवयीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. पेटी धुवायला फिनाईल वापरू नका. डेटॉल नको, पाइनच्या वासाचा फ्लोअर क्लीनर नको. फिनॉलच्या जातीची रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी आहेत. घराभोवती साप येऊ नये म्हणून लोक कार्बोलिक ॲसिड शिंपडतात, ते रसायनही त्याच घराण्यातलं. पेटीजवळ डांबरगोळ्या, कापूर, डासांची कॉइल, अगरबत्तीही नको. पेटी साबणाच्या पाण्याने घासा, मग पातळ केलेलं क्लोरहेक्सिडीन किंवा दहा भाग पाण्यात एक भाग साधं ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं काही मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. साप अर्थातच तोवर दुसऱ्या डब्यात.

माती, झाडं आणि स्प्रिंगटेल, आयसोपॉड असे घाण खाणारे बारीक जीव घालून पेटीतच छोटी परिसंस्था उभी करायची पद्धत हल्ली आवडीची झाली आहे. चांगली जमली तर सापासाठी ती भुशापेक्षा सरस. पण ती जमायला वेळ आणि अनुभव लागतो, आणि माइट्स असलेला साप त्यात सोडला तर सगळंच उपसून टाकावं लागतं. आधी कागदावरचा काळ संपवा, सापाची प्रकृती ओळखा, मग त्या वाटेला जा. बागेतली माती उचलून आणू नका. तिच्यात कीटकनाशकं, शेणखत आणि मुंग्या येतात. पेटीत कोंडलेल्या सापावर लाल मुंग्यांनी हल्ला केला तर त्याला पळायला जागा नसते.

वापरलेलं अंथरूण भाजीच्या वाफ्यात टाकू नका. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. ते पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, पेटी आणि भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवू नका, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर अंथरूण बदलायचं काम त्यांच्याकडे येऊ देऊ नका. काम झालं की साबणाने हात धुवायचे.

आणि इतकं करूनही साप तोंड उघडून श्वास घेताना दिसला, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज किंवा नाकाशी बुडबुडे आले, पोटावर डाग किंवा फोड दिसले, किंवा अंगाचा मधला भाग कडक होऊन विष्ठा थांबली, तर घरगुती उपाय करत बसू नका. अंथरूण काढून कागद घाला, तापमान तपासा आणि सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याची वेळ घ्या. जाताना पेटीतलं मूठभर अंथरूण झिपच्या पिशवीत, त्या पोत्यावरच्या लेबलचा फोटो आणि गेल्या आठवड्यातल्या तापमान-दमटपणाच्या नोंदी सोबत न्या.